करडे आकाश निळे करणे (छायाचित्र संपादन)

ढगाळ, धुरकट किंवा अतिप्रकाशामुळे पांढरे पडलेले आकाश संगणकावर अथवा भ्रमणध्वनीवर संस्कार करून निळे दाखविणे ही अंकीय छायाचित्र संपादनातील एक सर्वपरिचित क्रिया आहे. ती दोन प्रकारे केली जाते. मूळ छायाचित्रात निळ्या रंगाचा काही अंश शिल्लक असेल, तर तो उठावदार करणे हा पहिला प्रकार; यास आकाश-सुधारणा म्हणता येईल. मूळ आकाश काढून टाकून त्या जागी दुसऱ्या छायाचित्रातील किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले आकाश बसविणे हा दुसरा प्रकार. सॉफ्टवेअरांमध्ये तो ‘स्काय रिप्लेसमेंट’ या नावाने आढळतो. दोहोंचा परिणाम वरवर सारखा दिसला, तरी पहिल्यात कॅमेऱ्याने टिपलेली माहिती वापरली जाते आणि दुसऱ्यात ती बदलली जाते. बातमी, पुरावा आणि ज्ञानकोश यांसाठी वापरावयाच्या छायाचित्रांत हा भेद निर्णायक ठरतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत पावसाळ्याचे चार महिने मळभ असते आणि त्यापुढे हिवाळ्यात अनेक दिवस धुरके असते. त्यामुळे जोगेश्वरीसारख्या ठिकाणी घेतलेल्या छायाचित्रांत करड्या आकाशाचा प्रश्न वारंवार उद्भवतो. इमारतींच्या जाहिरातींपासून लेण्यांच्या नोंदींपर्यंत अनेक कामांत हे संपादन त्यामुळेच केले जाते.

आकाशाचा रंग

सूर्यप्रकाश वातावरणातील वायूंच्या रेणूंमुळे सर्व दिशांना विखुरला जातो. या प्रकीर्णनाचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवून दिले. सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो, म्हणून निरभ्र आकाश निळे दिसते. ढगांतील जलबिंदू आणि हवेतील धुळीचे कण रेणूंच्या तुलनेत फार मोठे असतात. ते सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतात. त्यामुळे ढग पांढरे किंवा करडे आणि धूळभरली हवा फिकट दिसते.

निरभ्र आकाशही सर्वत्र एकसारखे निळे नसते. ते माथ्यावर गडद, क्षितिजाकडे फिकट आणि सूर्याभोवती पांढरट असते. सूर्यापासून ९० अंशांवरील पट्ट्यात त्याचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवित असतो. एकाच निळ्या रंगाने भरलेले आकाश नाटकाच्या पडद्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच.

मुंबईच्या आकाशाचा करडेपणा एकाच जातीचा नाही, आणि संपादनाच्या दृष्टीने हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या काळातील करडा रंग ढगांचा असतो. त्यात थर, कडा, काळसर आणि उजळ भाग असतात. पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते आणि दूरच्या टेकड्याही स्पष्ट दिसतात. हिवाळ्यातील करडा रंग निराळा. तेव्हा वारे मंदावतात आणि रात्री जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते. धूर व बांधकामाची धूळ खालीच कोंडली जाते. अशा आकाशात कोणताही आकार नसतो, रंगात पिवळट-तपकिरी झाक असते आणि अंतर वाढेल तसतशा इमारती फिक्या होत जातात. पावसाळी छायाचित्रात बहुधा केवळ आकाशावर काम करून भागते. हिवाळी छायाचित्रात मात्र धुरके आकाशात नसून कॅमेरा आणि वस्तू यांच्या मधल्या हवेत असते, म्हणून संपूर्ण चित्राला हात लावावा लागतो.

कॅमेऱ्यातील नोंद

छायाचित्रात आकाश पांढरे दिसण्याचे कारण प्रत्येक वेळी हवामानच असते असे नाही. संवेदकाच्या क्षमतेपेक्षा अधिक प्रकाश पडला तर तो भाग पूर्ण पांढरा नोंदला जातो. ८-बिट जेपेग चित्रात तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्ही वाहिन्यांचे मूल्य ० ते २५५ असते. तिन्ही मूल्ये २५५ झालेल्या ठिकाणी रंगाची कोणतीही माहिती उरत नाही, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला ती परत आणता येत नाही. रॉ स्वरूपातील १२-बिट नोंदीत प्रत्येक वाहिनीसाठी ४,०९६ आणि १४-बिट नोंदीत १६,३८४ पायऱ्या असतात; म्हणून जेपेगमध्ये हरवलेले ढग रॉ नोंदीतून पुष्कळदा परत मिळतात.

जोगेश्वरी पूर्व येथील लेणी हे या अडचणीचे चांगले उदाहरण आहे. सहाव्या शतकातील हे शैव लेणे भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली खोदलेले असून पायऱ्या उतरून आत जावे लागते. आतील मंडप अंधारा, आणि द्वारांतून व मोकळ्या चौकातून येणारा उजेड प्रखर. खांब दिसतील इतका वेळ पडदा उघडा ठेवला तर चौकावरील आकाश पांढरे फटक होते; आकाश सांभाळले तर खांब काळे होतात. अशा वेळी एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशमानाची तीन किंवा पाच छायाचित्रे तिपाईवरून घेऊन ती एकत्र करणे, हा सर्वांत प्रामाणिक उपाय होय. त्यात दिसणारे आकाश त्याच क्षणाचे आणि त्याच जागेचे असते. हल्लीचे भ्रमणध्वनी एचडीआर या नावाने हेच काम आपोआप करतात.

ध्रुवीकरण करणारी गाळणी, म्हणजे पोलरायझिंग फिल्टर, निरभ्र आकाश गडद करते. पण दाट मळभाचा प्रकाश फारसा ध्रुवित नसल्याने तिचा पावसाळ्यात आकाशासाठी उपयोग जवळजवळ नसतो. ओल्या पानांवरची आणि रस्त्यावरची चकाकी कमी करण्यास मात्र ती उपयोगी पडते.

आकाश-सुधारणेच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत श्वेत-संतुलनाची. ढगाळ हवेतील प्रकाशाचे रंगतापमान भर उन्हाच्या सुमारे ५,५०० केल्विनपेक्षा अधिक असते, म्हणून कॅमेऱ्यातील ‘ढगाळ’ ही मांडणी चित्रात पिवळसर ऊब मिसळते. तिने माणसांचे चेहरे सुधारतात, पण आकाशातला उरलासुरला निळेपणाही जातो. यासाठी जमिनीचा आणि आकाशाचा भाग वेगळा करून केवळ आकाशाला थंड छटा दिली जाते. त्याबरोबर आकाशाचे प्रकाशमान थोडे कमी केले की ढगांचे आकार उमटतात. हा संस्कार वरून खाली विरळ होत जाणाऱ्या पट्ट्याने, म्हणजे ग्रेडियंटने, करावयाचा असतो. तो क्षितिजाशी एकदम थांबला तर इमारतींच्या माथ्यावर काळी रेघ ओढल्यासारखी दिसते.

पुष्कळ जण आकाशासाठी संपूर्ण चित्रातील निळ्या रंगाची संपृक्तता वाढवितात. करड्या आकाशात निळ्या रंगाचा अंश जवळजवळ नसतोच, त्यामुळे आकाश होते तसेच राहते. उलट जोगेश्वरीतील चाळींच्या आणि झोपड्यांच्या छपरांवर पावसाळ्यात अंथरलेल्या निळ्या ताडपत्र्या मात्र भडक होऊन डोळ्यांत खुपू लागतात. निवड रंगावरून न करता जागेवरून करणे हाच यावर उपाय आहे.

धुरक्यासाठी ‘डीहेझ’ नावाची पट्टी वापरली जाते. अ‍ॅडोबी कंपनीने ती आपल्या लाइटरूम व कॅमेरा रॉ या साधनांत २०१५ मध्ये आणली. अशा साधनांमागील कल्पना जुनी आहे. धुरक्यातून दिसणारी वस्तू म्हणजे वस्तूचा क्षीण झालेला प्रकाश अधिक मधल्या हवेने विखुरलेला प्रकाश, असे गणिती प्रतिमान कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मांडले होते. २००९ मध्ये कायमिंग ह, जियान सुन आणि शियाओऊ तांग यांनी एकाच छायाचित्रावरून धुरक्याची दाटी अजमावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्वच्छ हवेत घेतलेल्या चित्राच्या कोणत्याही लहान तुकड्यात बहुधा एखादी तरी रंगवाहिनी अगदी काळी असते. ती जितकी उजळलेली दिसेल तितके धुरके दाट, असा तिचा आधार आहे. ही धारणा आकाशाला मात्र लागू पडत नाही, कारण आकाश मुळातच सर्वत्र उजळ असते. धुरके काढणारी पट्टी फार ओढली की दूरच्या इमारती सुधारतात आणि आकाशात डाग, कणकण व पट्टे उमटतात, ते यामुळे. ८-बिट चित्रात हे पट्टे अधिक जाणवतात. संपादन १६-बिटमध्ये करणे किंवा आकाशात अत्यंत बारीक कण मिसळणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय आहेत.

आकाश बदलणे

आकाश बदलण्यासाठी प्रथम मूळ आकाशाचा मुखवटा, म्हणजे मास्क, तयार करावा लागतो. त्यातील पांढऱ्या भागातून नवे आकाश दिसते आणि काळ्या भागात जुने चित्र कायम राहते. फोटोशॉप १९९० मध्ये आले आणि १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यात थरांची सोय झाली. तेव्हापासून हे काम हाताने केले जात होते. गिम्प या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही थर व मुखवटे यांच्या आधारे ते करता येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ल्युमिनार ४ ने आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपने आकाश आपोआप ओळखून बदलण्याची सोय दिली, आणि तासाभराचे काम काही क्षणांवर आले.

कडा हे या कामातील कष्टाचे ठिकाण. सपाट गच्चीची कड सोपी असते. पिंपळाची पाने, नारळाच्या झावळ्या, रेल्वेच्या विद्युत तारा आणि इमारतींमध्ये लोंबणाऱ्या केबलच्या वायरी अवघड असतात. स्वयंचलित मुखवटा बारीक तारा पुष्कळदा गिळून टाकतो. जोगेश्वरी स्थानकाच्या छायाचित्रातून ओव्हरहेड तारा नाहीशा झाल्या, तर खांब तेवढे निरर्थक उभे राहतात. झाडांच्या फांद्यांभोवती जुन्या पांढऱ्या आकाशाची प्रभावळ राहणे हा दुसरा नित्याचा दोष. करडे आकाश पानांपेक्षा पुष्कळ उजळ असते, या गोष्टीचा येथे फायदा घेता येतो. नवे आकाश ‘मल्टिप्लाय’ मिश्रणाने जुन्यावर बसविले की पाने गडदच राहतात, केवळ उजळ जागा निळ्या होतात आणि मुखवटा फार काटेकोर असावा लागत नाही.

पण मुखवटा निर्दोष असूनही चित्र खोटे वाटू शकते, कारण आकाश हे दृश्यामागील कापड नसून दृश्याला उजळविणारा प्रकाशस्रोत आहे. मळभात संपूर्ण आकाश एका मोठ्या दिव्यासारखे प्रकाश देते. सावल्या मऊ असतात किंवा पडतच नाहीत. निरभ्र हवेत सूर्य एका दिशेने प्रकाश देतो, सावल्यांना धारदार कडा असतात आणि त्या सावल्यांत वरच्या आकाशाची निळी झाक उतरते. निळेभोर आकाश आणि त्याखाली सावलीविना उभी इमारत हे निसर्गात न आढळणारे दृश्य आहे. सॉफ्टवेअर जमिनीचे रंग नव्या आकाशाला जुळवून देते, पण सावली निर्माण करीत नाही. म्हणून मळभाच्या छायाचित्रात निरभ्र आकाशाऐवजी विरळ ढगांमधून निळाई डोकावणारे आकाश अधिक शोभते.

प्रतिबिंबे हा दुसरा पुरावा. पावसाळ्यातील रस्त्यावरची डबकी, मोटारींच्या टपांवरील पाणी आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या काचेच्या दर्शनी भिंती जुनेच करडे आकाश दाखवीत राहतात. दिशाही तपासून पाहावी लागते. जोगेश्वरी स्थानकावरून पूर्वेकडे, लेण्यांच्या बाजूला पाहिले असता मावळतीचा सूर्य कधीही दिसणार नाही. तयार संग्रहातून उचललेले सूर्यास्ताचे आकाश त्या दृश्यामागे लावलेले असेल, तर स्थानिक वाचक ते तत्काळ ओळखतो. सूर्याच्या उंचीबाबत आणखी एक बारकावा आहे. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो आणि सावल्या दक्षिणेकडे पडतात. युरोपात घेतलेल्या आकाशचित्रांत मध्यान्हीचा सूर्य नेहमी दक्षिणेस असतो, आणि इतका उंच कधीच नसतो.

पूर्वेतिहास

आकाशाची अदलाबदल संगणकाच्या पुष्कळ आधीपासून होत आली आहे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कोलोडियन काचा निळ्या व अतिनील प्रकाशाला अतिशय संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे तेव्हाची अडचण आजच्या उलट होती. आकाश जितके निळे, तितके ते छायाचित्रात कोरे पांढरे येई आणि ढग नाहीसे होत. फ्रान्समधील इपोलित बायार यांनी १८५२ मध्ये ढगांसाठी स्वतंत्र निगेटिव्ह वापरण्याची सूचना केली. ग्युस्ताव्ह ल ग्रे यांची १८५६-५७ मधील सागरदृश्ये समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्हांपासून छापलेली म्हणून प्रसिद्ध आहेत.

मुंबईत छायाचित्रण लवकर रुजले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी या शहरातील विविध समाजांच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत, १८६३ व १८६६ मध्ये, लंडनहून प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत माणसांचे समूह एका ठिकाणी टिपलेले असून मागील देखावे वेगळ्या निगेटिव्हांवरून जोडलेले आहेत. मुंबईतील छायाचित्राची पार्श्वभूमी बदलण्याचा हा दीडशे वर्षांहून जुना, छापील आणि आजही पाहता येणारा दाखला आहे. वाचकाला तो जोड सांगितलेला नव्हता, आणि त्या खंडांकडे मानवशास्त्रीय नोंद म्हणून पाहिले गेले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये काचेवरील लेपात रंजकद्रव्य मिसळून तिची संवेदनशीलता वाढविण्याची युक्ती शोधली. पुढे सर्व रंगांना संवेदनशील फिल्म आल्यावर पिवळ्या, नारिंगी किंवा तांबड्या गाळणीने आकाश गडद करता येऊ लागले. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये हाफ डोम या कड्याचे छायाचित्र तांबड्या गाळणीतून घेऊन आकाश जवळजवळ काळे केले. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण कृष्णधवल चित्रात आकाशाचा खरा रंग दाखविण्याचा दावाच नसतो.

वापर आणि आक्षेप

घरबांधणीच्या जाहिराती, पर्यटनपत्रके, लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि दिनदर्शिका यांत आकाश बदलणे सर्रास चालते. लग्नाच्या छायाचित्राबाबत त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. इमारतीच्या जाहिरातीबाबत मात्र ग्राहक चित्रावर विसंबून पैसे गुंतवितो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ अन्वये जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरल्याने नुकसान झाल्यास विकासकाकडून भरपाई मागता येते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी करणारे महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून कार्यरत आहे. केवळ निळ्या आकाशापेक्षा, आकाश बदलताना त्याच मुखवट्यात शेजारची इमारत किंवा उच्चदाबाची तार पुसली जाणे ही अधिक गंभीर बाब ठरते.

वृत्तछायाचित्रणात आकाशाशी केलेली छेडछाड सहसा क्षम्य मानली जात नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरील हवाई हल्ल्यानंतरच्या एका छायाचित्रात धुराचे लोट संगणकावर वाढवून गडद केल्याचे उघड झाल्यावर रॉयटर्स या वृत्तसंस्थेने छायाचित्रकार अदनान हज यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांची ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली. तेथे आकाश अधिक भयंकर करण्यात आले होते. निळे करण्यात ते सौम्य होते. वृत्ताच्या दृष्टीने दोष सारखाच.

मुंबईच्या संदर्भात करडे आकाश ही स्वतःच माहिती असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशीच्या जोगेश्वरी-अंधेरी परिसरातील छायाचित्रांत पाण्याची पातळी जितकी महत्त्वाची, तितकाच वरचा अंधारही. हिवाळी धुरक्याचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांच्या धुळीबाबत मार्गदर्शक सूचना जारी केल्या आणि त्याच महिनाअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यांत घेतलेल्या एखाद्या उड्डाणपुलाच्या छायाचित्रात आकाश निळे केले, तर पूल तसाच राहतो, पण त्या दिवसाची हवा नोंदीतून पुसली जाते. भ्रमणध्वनीतील काही उपयोजने हा बदल एका स्पर्शात करतात, आणि चित्र पुढे पाठविताना त्याची कोणतीही खूण राहत नाही.

ज्ञानकोशातील छायाचित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर संपादित चित्रांना लावावयाचा स्वतंत्र साचा उपलब्ध असून त्यात कोणता बदल केला हे लिहिता येते. मूळ चित्रावर लक्षणीय बदल केलेली आवृत्ती जुन्या नावावरच न चढविता नव्या नावाने चढवावी, असा तेथील संकेत आहे. प्रकाशमान, तिरपेपणा आणि श्वेत-संतुलन यांतील सौम्य दुरुस्त्या सामान्यतः स्वीकारल्या जातात. जोगेश्वरी लेण्यांच्या चौकावरील आकाश तीन प्रकाशमानांच्या जोडणीतून आलेले असेल तर वर्णनात तसा उल्लेख पुरतो; ते दुसऱ्या दिवसाचे किंवा दुसऱ्या गावाचे असेल, तर ते चित्र लेण्यांच्या लेखासाठी वापरण्याऐवजी प्रस्तुत विषयाचे उदाहरण म्हणून ठेवणे अधिक योग्य.

चित्राच्या धारिकेत असलेल्या एक्झिफ नोंदीत दिनांक, वेळ, कॅमेरा आणि कधीकधी संपादनाचे साधन नमूद असते. मात्र ही नोंद सहज पुसता येते. बदलांचा इतिहास चित्रासोबत सहीबंद स्वरूपात जावा, यासाठी २०२१ मध्ये सी-टू-पी-ए या नावाने तंत्रज्ञान व माध्यम कंपन्यांची आघाडी स्थापन झाली. तिच्या प्रमाणकाला मान्यता देणारे काही कॅमेरे आणि संपादन-साधने आता उपलब्ध आहेत.